सातव्या टोपलीतला एक्का

व्हर्लिन स्कार मनाने चांगला माणूस होता, असं त्याच्या मयताला कुणीतरी म्हणेलच. विस्कॉन्सिनच्या या डोंगराळ टापूत मेलेल्या माणसाबद्दल दुसरं काही बोलत नाहीत. चर्चच्या तळघरात बसून मयताचं जेवण जेवताना तर नाहीच नाही. पण व्हर्लिन अजून ठणठणीत आहे, तेव्हा खरं काय ते आत्ताच सांगून टाकलेलं बरं. तो एक नंबरचा खडूस होता. त्या खडूसपणातला मोठा वाटा जिच्या पदरात पडला ती त्याची बायको आर्डिस. ही गोष्ट तिची आहे.

व्हर्लिनने जन्मभर शाळेची बस चालवली. एखादं पोर दप्तर सांभाळत धावत येताना आरशात दिसलं, तरी तो दार लावून निघून जायचा. गुडघाभर बर्फ असलं तरी. आया भांडायला आल्या की म्हणायचा, "वेळ म्हणजे वेळ." ती पोरं मोठी झाली, त्यांनाही पोरं झाली, पण व्हर्लिनला रस्त्यात बघून कुणी आपणहून हात वर केला असं कधी झालं नाही.

घरी तो मारझोड करत नव्हता, पीत नव्हता, बाहेर कुठे भानगड नव्हती. तो फक्त बोलायचा नाही. मीठ हवं असलं तर मिठाकडे बोट करायचा. आर्डिसची बहीण आयोवातून फोन करायची आणि विचारायची, "व्हर्लिन काय म्हणतो?" मग आर्डिस मनाने काहीतरी सांगायची. व्हर्लिन म्हणतो यंदा मका चांगला येणार. व्हर्लिन म्हणतो तुझ्या मुलाने नोकरी सोडू नये. बहिणीच्या लेखी तो मोठा बोलका आणि समजूतदार मेव्हणा होता. आर्डिसने तो एकेका फोनसरशी घडवला होता, आणि कधी कधी तिला स्वतःलाच त्याचा लळा लागायचा.

व्हर्लिनला एकच नाद होता, प्लॅस्टिकच्या तबकड्या फेकण्याचा. कॉर्लिस अमंडसन नावाच्या बाईने गावाबाहेरचा गाईंचा जुना गोठा विकत घेऊन त्यात बिअरची भट्टी टाकली, मागे खांब-तारांवर बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्सचे वेल चढवले आणि उरलेल्या कुरणात साखळ्यांच्या टोपल्या रोवल्या. सिमेंटच्या ओट्यावरून तबकडी फेकायची आणि कमीत कमी फेकींत टोपलीत घालायची, एवढाच खेळ. बुधवारी संध्याकाळी अर्धं गाव तिथे. पहिल्याच फेकीत तबकडी साखळ्यांत गेली तर तो एक्का. मग गोठ्याजवळची घंटा वाजवायची, त्या तबकडीवर सगळ्यांनी सह्या करायच्या आणि ती बारच्या भिंतीवर ठोकायची. दातांच्या डॉक्टरच्या दोन तबकड्या भिंतीवर होत्या. पाद्रीबाईची एक होती. व्हर्लिन पहिल्या बुधवारपासून खेळत होता आणि त्याची एकही नव्हती.

एक्का होत नाही म्हटल्यावर त्याने नियम हातात घेतले. कुणाचा पाय कुठे पडतो, कुणी फेकी कमी मोजतो, सगळ्यावर त्याची नजर. सातव्या टोपलीचा नियम तर त्याचाच. ही टोपली टेकाडापलीकडे आहे, ओट्यावरून दिसत नाही. म्हणून खेळणाऱ्या चौघांच्या टोळीतला एकजण आधी टेकाडावर जाऊन उभा राहतो आणि तबकडी कुठे पडली ते ओरडून सांगतो. पूर्वी त्यावरून भांडणं व्हायची. व्हर्लिनने ठरवून टाकलं की टेकाडावरचा सांगेल ते खरं, त्यावर चर्चा नाही. त्याने घातलेल्या नियमांतला हा एकच लोकांना मनापासून पटला होता.

एका उन्हाळ्यात गेलन रस्कने तिसऱ्या टोपलीत एक्का मारला. गेलन दूध काढायची यंत्रं दुरुस्त करतो. हातात कसब आहे, तोंडाने फटकळ आहे. टोपली समोर होती, तबकडी आत जाताना चौघांनी पाहिली. गेलन नाचायला लागला आणि व्हर्लिन म्हणाला, "पाय." म्हणजे फेकताना पाय ओट्याबाहेर गेला, फेक बाद. असं एकाने म्हटलं की दुसऱ्या कुणीतरी दुजोरा द्यावा लागतो. व्हर्लिनने ओडेल ब्रेकेकडे पाहिलं. ओडेल जन्मभर समोरचा म्हणेल त्याला मान डोलावत आलेला माणूस. त्याने मान डोलावली. घंटा वाजली नाही.

"चल, सोड," असं म्हणून गेलन तेव्हा हसला होता. त्याने सोडलं वगैरे काही नव्हतं.

त्याच वर्षीचा सप्टेंबरातला बुधवार होता. हॉप्सची तोडणी झाली होती, नुसते खांब आणि तारा उरल्या होत्या. आर्डिस दर बुधवारी भट्टीच्या स्वयंपाकघरात चीजचे तुकडे तळायला जायची, घरापेक्षा तिथे आवाज असतो म्हणून. तिने झारा तेलात सोडला होता तेवढ्यात गेलन खिडकीशी आला. पळत आला होता आणि हसू आवरत नव्हतं.

"आर्डिस, बाहेर ये. तुझ्या नवऱ्याने एक्का मारला."

"चल, काहीतरीच."

"सातव्यावर. मी टेकाडावर होतो. त्याची तबकडी गेली खांबांत, पार लांब. मी उचलली, टोपलीत टाकली आणि साखळ्या हाताने अशा खणखणवल्या. ओरडलो, आत गेली रे. म्हातारा तिकडे ओट्यावर गुडघ्यांवर बसला बघ. आता घंटा वाजवतो. सगळे जमू देत, मग सांगतो. त्याचं तोंड बघायला चल."

खोटं कशाला सांगू, आर्डिसलाही हसू फुटलं. ज्या माणसाने इतकी वर्षं मिठाकडे बोट केलं त्याची एकदा जिरणार होती. हात पुसून ती बाहेर आली.

घंटा वाजली. लोक ग्लास घेऊन गवतावर जमले. व्हर्लिन उतारावरून येत होता. तबकडी त्याने दोन्ही तळव्यांवर धरली होती, काठोकाठ भरलेली बशी न्यावी तशी. जवळ आला तेव्हा दिसलं, तो रडत होता. कॉर्लिसने हात पुढे केला, त्याला दिसला नाही. पाद्रीबाई काही म्हणाली, ऐकू गेलं नाही. सगळ्यांमधून वाट काढत तो बायकोसमोर येऊन उभा राहिला.

"आर्डिस," तो म्हणाला. "झालं गं."

आपलं नाव त्याच्या तोंडून शेवटचं कधी ऐकलं ते आर्डिसला आठवेना. त्याच्या खांद्यावरून तिला गेलन दिसत होता. त्याने ग्लास उंच केला होता आणि बोलायला तोंड उघडलं होतं. आर्डिसने त्याच्याकडे बघून मान हलवली. नको. गेलनने तोंड मिटलं. ते त्याला आवडलेलं नव्हतं.

नंतर तो खिडकीशी आला. "का गं?"

"आजचा दिवस राहू दे."

"आणि उद्या?"

"उद्याचं उद्या बघू," असं म्हणून आर्डिसने चीजची भरलेली टोपली त्याच्यापुढे सरकवली. गेलनने पैसे काढले नाहीत आणि तिने मागितले नाहीत.

त्या संध्याकाळी घरी जाताना व्हर्लिन गाडीत बोलायला लागला. आधी त्या फेकीबद्दल बोलला, मग वाऱ्याबद्दल, मग पोरपणी गोठ्याच्या छपरावर डब्यांची झाकणं फेकायचा त्याबद्दल. घर आलं तरी थांबेना. अंगणात गाडी बंद करून दोघं तशीच बसून राहिली. मग भावाची गोष्ट निघाली, नदीवरचं बर्फ फुटून बुडाला तो भाऊ. आर्डिसला एवढंच माहीत होतं की त्याला एक भाऊ होता. मग तो म्हणाला, "नाचाच्या दिवशी तू निळा झगा घातला होतास. मी तीनदा दारापर्यंत येऊन परत गेलो होतो. घाबरलो होतो." आर्डिस अंधारात गप्प बसून ऐकत राहिली, मध्ये बोलले तर बंद पडेल या भीतीने.

आठवड्याभरात गावात ही गोष्ट माहीत नसलेला एकच माणूस उरला.

मग सुरू झाला तो सगळ्यांचा हिवाळ्यातला खेळ. बाहेर बर्फ. हौशी लोक तबकड्या बर्फात सापडाव्यात म्हणून त्यांना रंगीत फिती चिकटवून खेळायचे, बाकीचे बारमध्ये शेगडीभोवती बसायचे. व्हर्लिन आला की कुणीतरी सुरुवात करायचं.

"व्हर्लिन, ते सातव्याचं सांग ना परत. या पाहुण्यांनी ऐकलं नाहीये."

"कितीदा सांगू रे?"

"अरे, तुझ्या तोंडून ऐकण्यात मजा आहे."

आणि व्हर्लिन सांगायचा. उभा राहायचा, पाय कसा टाकला ते दाखवायचा, ग्लासाखालची पुठ्ठ्याची चकती फेकून दाखवायचा. वारा दर खेपेला थोडा वाढायचा. "हातातून सुटली तेव्हाच मला कळलं होतं," इथपर्यंत आला की मागच्या बाकावरचा कुणीतरी खिशातल्या किल्ल्या खणखणवायचा. लोक रुमालात तोंड खुपसायचे, कुणाला ठसका लागायचा. व्हर्लिनला वाटायचं, आपल्यासाठी एवढे खूश आहेत. तोही हसायचा. ओडेल मान डोलवायचा.

खिडकीतून आर्डिसला सगळं दिसायचं, किल्ल्याही ऐकू यायच्या. घरी जाऊन एक वाक्य बोलली असती तर हा तमाशा तिथल्या तिथे थांबला असता. पण त्या वाक्यानंतर घर पुन्हा मुकं झालं असतं. तिने त्याची फजिती होऊ दिली आणि त्या बदल्यात रोज संध्याकाळी एक बोलणारा नवरा घेतला. याला काय म्हणायचं ते तुम्ही म्हणा. तिने स्वतः त्याला नाव दिलं नाही. फक्त बहिणीचा फोन आला की तिला आता काही रचावं लागत नव्हतं.

गेलनने मात्र आपली वसुली सोडली नाही. दर बुधवारी खिडकीत कोपर टेकायचा. "आर्डिस, आज सांगू का गं?" आधी चीज पुरायचं. मग त्याच्या कोटाची चेन उसवली, ती शिवून दिली. मग त्याच्या आईच्या वाढदिवसाला ॲपल पाय हवा होता, तो भाजून दिला. दबक्या आवाजात ती एकदा म्हणाली, "गेलन, पुरे झालं आता."

"मला कुठे काय हवंय? तूच म्हणालीस राहू दे. मी तर पहिल्याच दिवशी संपवणार होतो."

त्यात खोटं काही नव्हतं, म्हणून ती जास्त खचली.

व्हर्लिन बदलत चालला होता. आता तो कुणाचा पाय बघत नव्हता. रस्त्याकडेला बर्फात गाडी अडकलेली दिसली की थांबायचा, फावडं काढायचा. एकदा बसची वाट बघत गारठलेल्या दोन पोरांना गाडीत घेऊन शाळेत सोडून आला आणि घरी येऊन आर्डिसला सांगितलं, लाजत लाजत. "मी पूर्वी असा का नव्हतो गं?" त्याने विचारलं. आर्डिस बटाटे सोलत होती. "होतास," ती म्हणाली. "कुणाला दिसला नाहीस." बोलून झाल्यावर तिला स्वतःची किळस आली, पण तिने बटाटे सोलणं थांबवलं नाही.

बर्फ वितळलं, कुरण हिरवं झालं. मोसमातल्या पहिल्या बुधवारी बार खचाखच भरतो. कॉर्लिस नवीन पिंप फोडते आणि दोन शब्द बोलते. तिचं बोलणं झालं आणि व्हर्लिन उभा राहिला. आर्डिसला त्याने आधी काही सांगितलं नव्हतं. सकाळी दाढी करताना फक्त म्हणाला होता, "आज एक काम करून टाकणार आहे." मागच्या बाकावर कुणीतरी आतापासूनच किल्ल्या चाचपल्या.

"मी एक्क्याबद्दल बोलणार आहे," व्हर्लिन म्हणाला. लोक खुसखुसले. "माझ्या नाही. गेलनच्या."

खुसखूस थांबली.

"मागच्या उन्हाळ्यात तिसऱ्यावर गेलनचा पाय ओट्यावरच होता. मी नीट पाहिलं होतं. बाहेर गेला म्हणालो ते खोटं. इतकी वर्षं खेळूनही मला एक्का नाही आणि हा कालचा पोरगा माझ्यासमोर नाचतोय, ते मला बघवेना. ओडेलचा दोष नाही, त्याने माझ्याकडे बघून मान डोलावली." त्याने घसा साफ केला. "आता माझाही झालाय. आता कुणाचाही मला सोसतो. कॉर्लिस, त्याची तबकडी माझ्या शेजारी लाव. गेलन, मला माफ कर."

तेलात चीज करपत होतं आणि आर्डिसला त्याचं भान नव्हतं. गेलन हळूहळू उभा राहिला. पाय आत होता हे त्याला कायमच माहीत होतं. व्हर्लिनलाही माहीत होतं, हे आज कळलं. त्याने खिडकीकडे पाहिलं. आर्डिसने मान हलवली, सप्टेंबरात हलवली होती तशीच, पण या वेळी दोन्ही हात जोडून. गेलनने ते नीट पाहिलं आणि मग तोंड वळवलं.

"खरं बोलायचा दिवस आहे, तर मीही बोलतो," तो म्हणाला. "सातव्यावर तुझी तबकडी खांबांत पडली होती, व्हर्लिन. मी उचलून टोपलीत टाकली. साखळ्या मी वाजवल्या."

व्हर्लिन हसला. त्याला चेष्टा वाटली. मग त्याने आजूबाजूला पाहिलं. दातांचा डॉक्टर ग्लासात बघत होता. पाद्रीबाई जमिनीकडे बघत होती. ओडेलकडे पाहिलं, तर ओडेलने मान डोलावली.

"सगळ्यांना माहीत होतं?"

"आठवड्याभरात," गेलन म्हणाला.

व्हर्लिनची नजर फिरत फिरत खिडकीशी आली. "तुला?"

आर्डिसला खोटं बोलता आलं असतं. इतके महिने जमलं होतं. पण सगळा बार तिच्याकडे वळला होता. "हो," ती म्हणाली.

"कधीपासून?"

उत्तर गेलनने दिलं. "घंटा वाजायच्या आधीपासून. मी त्याच दिवशी सांगणार होतो बाबा. तिनेच थांबवलं."

व्हर्लिन भिंतीपाशी गेला. काउंटरमागची हातोडी घेऊन त्याने आपल्या तबकडीचा खिळा उपटला. सगळ्यांच्या सह्या असलेली ती तबकडी शेगडीत घातली. प्लॅस्टिक जळल्याची घाण सुटली तरी कुणी दार उघडायला उठलं नाही. मग त्याने गेलनपुढे हात केला. "तबकडी आण तुझी," तो म्हणाला. "मी तुझा एक्का चोरला, तू मला खोटा दिलास. फिट्टंफाट." गेलनने हात मिळवला. लोकांनी सुटकेचा श्वास सोडला, कुणीतरी टाळ्या वाजवल्या, कॉर्लिसने सगळ्यांना फुकट बिअर दिली.

घरी जाताना गाडी आर्डिसने चालवली. वेशीबाहेर आल्यावर तो म्हणाला, "किल्ल्या कोण वाजवायचं?"

"ते कळून काय करणार आहेस?"

"तू ऐकायचीस?"

"हो."

"आणि मग घरी येऊन माझ्यासमोर बसायचीस. मी माझ्या भावाचं सांगत होतो तेव्हाही तुला माहीत होतं."

"तू बोलत होतास, व्हर्लिन," ती म्हणाली. "तू माझ्याशी बोलत होतास. ते मला हवं होतं. फक्त तेवढंच हवं होतं मला."

त्याने खिडकीची काच खाली केली आणि बाहेर बघत राहिला. त्यानंतर तो तिच्याशी बोललेला नाही.

पूर्वी निदान त्याला कुणाशीच बोलता यायचं नाही, म्हणून तिला सोसत होतं. आता तो सगळ्यांशी बोलतो. गेलनशी तर त्याचं मेतकूट जमलंय. बुधवारी दोघं एका टोळीत खेळतात आणि नंतर शेगडीजवळ बसून नव्या लोकांना ती गोष्ट दोघं मिळून सांगतात. साखळ्या गेलन वाजवून दाखवतो, गुडघ्यांवर व्हर्लिन बसून दाखवतो. शेवटी व्हर्लिन खिडकीकडे अंगठा करून म्हणतो, "आणि हिला सगळं माहीत. आत चीज तळत बसली होती." त्यावर सगळ्यात मोठा हशा पिकतो. आर्डिस आत चीज तळत असते.

परवाच्या बुधवारी गेलन खिडकीशी आला. कोपर टेकलं नाही, नजरही वर केली नाही.

"व्हर्लिन विचारतोय, आज घरी जेवायला काय आहे?"

आर्डिसने बाहेर पाहिलं. व्हर्लिन चार पावलांवर, तिच्याकडे पाठ करून, ओडेलला काहीतरी रंगवून सांगत होता.

"सॉसेज आणि कोबी," ती म्हणाली. "सांग त्याला."